गार ओठांनी राउज वाजवायचा असेल तर

दुपारी चार वाजता शाळेच्या मैदानावर सुरेख बिगूल वाजवणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. तीच मुलं एनसीसीच्या कॅम्पवर पहाटे साडेपाचला बिगूल ओठाला लावतात आणि पहिलाच सूर फाटतो, नाहीतर नुसती हवा निघते. पुढच्या दोन-तीन सुरांत गाडी रुळावर येते, पण तोवर कॉलचा, म्हणजे बिगुलावर वाजवायच्या ठरलेल्या इशाऱ्याच्या चालीचा, जीव गेलेला असतो. त्यांचा सराव कमी पडतो असं नाही. सकाळचा कॉल हे कामच वेगळं आहे. जेवणाचा कॉल, परेडचा कॉल, सूर्यास्ताचा रिट्रीट, या सगळ्यांच्या आधी कुठेतरी आडोशाला जाऊन चार सूर काढून ओठ तापवता येतात. सकाळी ती सोय नाही. चाचणीला एक सूर काढलात तरी बॅरेक जागी झाली. म्हणजे तयारी सगळी बिनआवाजाची, आणि जो पहिला आवाज निघेल तो पक्काच निघायला हवा.

मी मराठा लाइट इन्फंट्रीच्या एका पलटणीत बिगुलर होतो. पेन्शनवर आल्यापासून सातारा जिल्ह्यात शाळेच्या बँडना शिकवतो. तिथं जे सांगतो तेच इथं लिहितो आहे, फक्त पहाटेच्या कॉलपुरतं, म्हणजे राउजपुरतं. ज्यांनी बिगूल हातातही धरलेला नाही त्यांना कळावं म्हणून सुरुवातीला थोडं मुळापासून.

कोणता कॉल शिकायचा

इंटरनेटवर सकाळचा बिगूल शोधला की बहुतेक वेळा अमेरिकी फौजेची रिव्हेली पुढे येते. मुलं तीच ऐकून बसवतात. ती आपली चाल नव्हे. आपले कॉल ब्रिटिश पायदळाच्या वळणाचे आहेत. त्या पद्धतीत रिव्हेली हा लांब कॉल, आणि माणसांना प्रत्यक्ष अंथरुणातून बाहेर काढायला वाजतो तो राउज, आखूड आणि चपळ. बोलताना जवान सकाळच्या कॉलला सरसकट रिव्हेलीच म्हणतात, त्यामुळे घोटाळा होतो. तुम्ही राउज शिका. त्याचं नोटेशन बँडमास्तरांकडून किंवा एनसीसीच्या पीआय स्टाफकडून, म्हणजे फौजेतून आलेल्या प्रशिक्षकांकडून घ्या, आणि शक्य असेल तर एखाद्या जुन्या बिगुलरकडून समोर बसून ऐका.

राउज नीट यायला हवा याला आणखी एक कारण आहे. स्मारकावर पुष्पचक्र वाहिलं की आधी ‘लास्ट पोस्ट’ वाजते, मग दोन मिनिटं स्तब्धता, आणि ती स्तब्धता राउजने संपते. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकावर हाच क्रम, पुण्याच्या सदर्न कमांडच्या वॉर मेमोरियलवरही हाच. लास्ट पोस्ट म्हणजे दिवस संपला, राउज म्हणजे पुन्हा उजाडलं. ज्या चालीवर जवान नोकरीभर उठतो तीच चाल त्याच्या माघारी त्याच्यासाठी वाजते. २६ जुलैला कारगिल विजय दिवसाच्या कार्यक्रमात शाळेतली मुलं हा कॉल वाजवतात तेव्हा पहिल्या रांगेत वीरमाता, वीरपत्नी बसलेल्या असतात. म्हणून हा कॉल ढिला वाजवलेला मला चालत नाही.

बिगूल आमच्याकडे कसा आला तेही मुलांना माहीत असावं. लाइट इन्फंट्री म्हणजे मुख्य फळीच्या पुढे विखरून लढणारं पायदळ. झाडीत, डोंगरात ढोल घेऊन धावता येत नाही, आणि विखुरलेल्या माणसांना हुकूम तर पोचवायला हवा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या अशा तुकड्यांनी ढोलाऐवजी शिंग घेतलं, त्याचाच पुढे बिगूल झाला. आमच्या रेजिमेंटमधली जंगी पलटण १७६८ सालची, आणि काळी पाचवी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पलटणीला कहानच्या लढाईनंतर १८४१ साली लाइट इन्फंट्रीचा मान मिळाला. रेजिमेंटच्या बिल्ल्यावर ढाल-तलवारींसोबत बिगूल आहे तो याच कारणाने.

पाच सूर

बिगुलाला ना कळा ना भोकं. तांब्याची साधारण साडेचार फुटांची नळी दोन वेढे घालून वळवलेली, रुंद तोंडाला पितळी कड, दुसऱ्या टोकाला माउथपीस आणि तो हरवू नये म्हणून साखळी. एवढंच यंत्र. सूर बदलायचा तो ओठांनी आणि श्वासाने. या नळीतून जे सूर आपोआप फुटतात त्यांतले पाचच आपल्या कॉलना लागतात: सा, प, तार सा, तार ग, तार प. रे, म, ध, नी नाहीतच. सगळे कॉल, रडवणारी लास्ट पोस्टसुद्धा, या पाचांतच बसवलेले आहेत.

घरात पेटी असेल तर बिगुलाचा सा काळी पाचवर, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीवर सापडेल. प म्हणजे पांढरी चार, ग म्हणजे पांढरी दोन. पण गंधार जुळवताना पेटीवर जाऊ नका. बिगुलाचा गंधार पेटीपेक्षा किंचित उतरलेला असतो आणि तो बरोबर असतो. तंबोरा चांगला जुळला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोच हा. गाणं शिकलेल्या मुलांना हे एका वाक्यात कळतं. बाकीची मुलं पेटीच्या गंधाराशी जुळवायला ओठ आवळत बसतात आणि सूर ताणला जातो.

कॉल ओठांवर बसवण्याआधी तोंडाने म्हणा. सरगम म्हणत, हातावर ताल धरून, चालत. आमचे उस्ताद प्रत्येक कॉलला शब्द बांधून द्यायचे आणि पीटीच्या मैदानावर ते म्हणायला लावायचे. शब्द तुमचे तुम्ही बांधा, गावाकडचे बांधा. कॉल एकदा बोलता यायला लागला की पहाटे अर्धवट झोपेतही पुढचा सूर कोणता हा विचार करावा लागत नाही, आणि सगळं लक्ष ओठांवर ठेवता येतं.

ओठ, जीभ, दाब

माझ्या वर्गात नववीतली एक मुलगी आहे. तिचे वडील लग्नात, यात्रेत तुतारी वाजवतात. पहिल्या दिवशी मी नुसता माउथपीस तिच्या हातात दिला. तिने तो ओठाला टेकवला, कोपरे घट्ट धरले, मधला भाग सैल सोडला, आणि माशी अडकल्यासारखा बारीक, सलग आवाज आला. गाल जराही फुगले नाहीत. दोन बोटांत धरलेला माउथपीस इतका हलका टेकलेला होता की काढल्यावर ओठावर वळ नव्हता. बाकीच्या मुलांना मी म्हटलं, हिच्याकडे बघा. यापेक्षा जास्त मला सांगता येणार नाही.

त्यातलं काय बघायचं ते सांगतो. वाजतात ते ओठ, नळी फक्त आवाज मोठा करते. ओठांचे कोपरे खंबीर, मध्य सैल. माउथपीस ओठांच्या बरोबर मध्ये, वर-खाली अर्धा-अर्धा. वरच्या ओठावर थोडा जास्त आला तरी चालतं, पण डावीकडे-उजवीकडे सरकलेला चालत नाही. वरचा सूर हवा असेल तर कोपरे आवळा आणि हवेचा वेग वाढवा. इथेच बहुतेक जण चुकतात: वरचा प येईना की बिगूल तोंडावर दाबतात. दाबला की सूर येतोही, म्हणून खोड लागते. पण दाबलेल्या ओठात रक्त फिरत नाही, दोन मिनिटांत ओठ बधिर होतो, आणि पहाटेच्या गारठ्यात तर आधीच बधिर असतो. खोड मोडायला बिगूल उघड्या तळहातावर आडवा ठेवा, बोटं न मिटता, आणि तसाच वाजवून बघा. दाबायला पकडच नसते. मधला सा आणि प असे आले की मगच बोटं मिटा.

सुराची सुरुवात जिभेने करायची. जिभेच्या टोकावरचा तिळाचा दाणा थुंकावा तसा ‘त’. घशातून ‘ह’ करून सुरू केलेला सूर उशिरा आणि मळका निघतो. राउजमध्ये भराभर येणारे सूर आहेत, ते एकसारखे सुटे ऐकू आले पाहिजेत. आधी एकाच सुरावर हळू, मग भरभर. भरभर करताना दम लावू नका. हवा सलग जाऊ द्या, कापायचं काम जिभेचं.

सराव रोज थोडा करा. जेवढा वेळ वाजवाल तेवढाच वेळ ओठ मोकळे ठेवा. ओठ थकल्यावर केलेला सराव दाबायची सवय लावतो, दुसरं काही देत नाही.

आदल्या रात्री

सकाळचा कॉल आदल्या रात्री सुरू होतो. बिगुलात पाणी राहिलेलं नाही ना बघा. आपल्या श्वासाची वाफ नळीत जमते, आणि पाण्याचा एक थेंबसुद्धा पहिल्या सुरात गुरगुर आणतो. बिगूल हळूहळू गोल फिरवत उलटा करायचा, वेढ्यातलं पाणी तोंडापर्यंत येतं. मग कोरड्या फडक्यात गुंडाळून डोक्याशी ठेवा. रात्रभर बाहेर दवात ठेवू नका.

उभं कुठं राहायचं ती जागा दिवसाउजेडी ठरवा. क्वार्टर गार्डवर, म्हणजे पलटणीच्या पहाऱ्याच्या चौकीवर, ड्युटी बिगुलरची जागा ठरलेली असते, पण कॅम्पवर ती तुम्हालाच शोधावी लागते. वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा, म्हणजे आवाज वाऱ्याबरोबर तंबूंकडे जाईल. पाठीशी भिंत असेल तर उत्तम. समोर भिंत नको, ती सूर तुमच्याकडेच परत फेकते आणि तुम्ही बिचकता.

वेळेची खात्री करून घ्या. वेळ ऋतूप्रमाणे बदलते आणि हुकमात लिहून येते, त्यामुळे कालच्या आठवणीवर विसंबू नका. आणि रात्री तिखट-खारट खाऊन ओठ कोरडे पडत असतील तर झोपताना तूप लावा. सकाळी मात्र ओठ स्वच्छ पुसा, तुपावर माउथपीस घसरतो.

पहाटे

कॉलच्या निदान अर्धा तास आधी उठा. झोपेतून उठल्यावर ओठ आणि चेहरा थोडे सुजलेले असतात. ती सूज उतरायला वेळ लागतो, त्याला उपाय नाही. तोंड धुवा, चूळ भरा, कोमट पाणी प्या. चहा प्यायलात तर साखरेचा चिकटपणा जाईपर्यंत पुन्हा चूळ भरा. तोच चिकटा नळीत जाऊन बसतो.

उठल्याबरोबर माउथपीस साखळीतून सोडवून मुठीत घ्या किंवा अंगातल्या कपड्याच्या खिशात ठेवा. गार धातू ओठाला लागला की ओठ आक्रसतो, आणि बहुतेकांचा पहिला सूर तिथंच जातो. माउथपीस अंगाइतका ऊबदार झाला की निम्मं काम झालं.

मग ओठ. आधी नुसती फुर्र करा, घोडा करतो तशी, आवाज न काढता. मग ओठ मिटून हवा सोडत बारीक थरथर. टॉवेलात तोंड घालून केलीत तर शेजारचा कूससुद्धा बदलणार नाही. शेवटी माउथपीस टॉवेलात धरून थोडा वेळ, मधल्या सावर फक्त. वर जाऊ नका. इथं ताकद संपवायची नाही, रक्त आणायचं आहे. अधेमधे थांबा, खोल श्वास घ्या, पोटापर्यंत जाणारा. खांदे वर गेले तर तो श्वास वरवरचा.

जागेवर गेलात की बिगुलात ऊब भरायची. माउथपीसवर तोंड ठेवून ओठ न थरथरवता ‘हा’ अशी गरम हवा सोडा, सावकाश, पुन्हा पुन्हा. आवाज होत नाही आणि नळी आतून तापते. हे का करायचं? गार हवेत आवाजाचा वेग कमी होतो आणि सूर उतरतो. हवा २० अंशांवरून शून्यावर आली तर न तापवलेला बिगूल काळी पाच आणि पांढरी सहाच्या मधोमध येऊन बसतो. एकटे वाजवत असाल तर कुणाला कळणार नाही, पण ओठांना ठाऊक असलेली जागा हलते आणि पहिला सूर निसटतो. दोघं मिळून वाजवणार असाल आणि एकाचाच बिगूल तापलेला असेल तर मात्र गावभर कळतं.

बर्फाच्या मुलखात आणखी जपावं लागतं. गोठणबिंदूखाली ओल्या ओठाला उघडा धातू चिकटतो आणि काढताना कातडी सोलते. तिथं माउथपीस शेवटच्या क्षणापर्यंत हातमोज्यात ठेवायचा, लावायचा, वाजवायचा, लगेच काढायचा. नळीतलं पाणी गोठलं तर बिगूल मुका होतो, म्हणून कॉल झाल्याझाल्या झटकायचा. अर्थात अगदी पुढच्या चौक्यांवर बिगूल वाजतच नाही, तिथं माणसं खांद्याला हात लावून उठवली जातात. आणि लढाई लागली की आम्ही बँडवाले वाद्यं ठेवून स्ट्रेचर उचलतो. ते प्रशिक्षण आम्हाला बिगुलाइतकंच कसून दिलेलं असतं.

कॉल

टाचा जुळवा, उभे राहा. बिगूल उजव्या हातात, कोपर अंगापासून मोकळं, तोंड जमिनीला समांतर किंवा किंचित वर. खाली झुकलेल्या बिगुलाचा आवाज मातीत जातो, आणि मान खाली गेली की घसाही दबतो.

आता थांबा. मनात पहिला सूर ऐका. तो मनात वाजत नसेल तर ओठांना कुठं जायचं ते कळणार कसं? गुणगुणून बघायचं असेल तर तोंड मिटून, अगदी हळू. मग पूर्ण श्वास, आणि श्वास भरल्याबरोबर न अडखळता ‘त’. श्वास घेऊन रोखून धरलात की गळा आवळतो आणि सूर फुटतो. श्वास आत, श्वास बाहेर, मध्ये विश्रांती नाही.

पहिला सूर जोरात फेकू नका. सूर्योदयाच्या सुमारास जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि लांबवर पोचतो. भोवती दुसरा आवाजही नसतो. दुपारी मैदानाच्या टोकाला पोचायला लागते त्यापेक्षा कमी ताकदीत पहाटेचा कॉल जवानांच्या सगळ्या बॅरेकींपर्यंत जातो. भरीव, गोल सूर काढा. किंचाळणारा सूर झोपलेल्या माणसाला दचकवतो. राउजने माणूस उठला पाहिजे, दचकून बसता कामा नये. चाळीस-पन्नास माणसांची सकाळ तुमच्या हातात आहे, ती नीट सुरू करून द्या.

चाल चपळ ठेवा पण पळू नका. धास्तावलेला माणूस पळतो, भरभर येणारे सूर एकमेकांत मिसळतात आणि कॉल ओळखू येत नाही. पायाच्या अंगठ्याने बुटाच्या आत ताल धरा. एखादा सूर निसटला तर त्यासाठी मागे जायचं नाही, थांबायचंही नाही. ऐकणाऱ्याला निसटलेला सूर आठवत नाही, थांबलेला कॉल आठवतो. शेवटचा सूर पूर्ण लांबीचा धरा. संपत आलं म्हणून तो अर्ध्यात सोडायची सवय फार वाईट, आणि स्मारकावर ती लगेच जाणवते.

स्मारकावर राउज वाजवणार असाल तर अडचण पहाटेसारखीच आहे. लास्ट पोस्टनंतर दोन मिनिटं तुम्ही निश्चल उभे असता, ओठ गार होतात, बिगूल गार होतो. त्या दोन मिनिटांत मिटलेल्या तोंडात जीभ फिरवून ओठांच्या आतली बाजू ओली ठेवा, आणि अंगठ्याने माउथपीसची मान झाका. बघणाऱ्याला काही दिसत नाही.

बिगूल घेताना, जपताना

शाळेला नवा बिगूल घ्यायचा तर बँडचं सामान बहुतेक मेरठहून येतं. तिथल्या जली कोठी भागात बिगूल पिढ्यान्‌पिढ्या बनतात. दुकानात चकाकी बघू नका. माउथपीस बसवून हलवून बघा, तो डुगडुगता कामा नये. मोठं तोंड तळहाताने आणि पोटाने घट्ट बंद करून माउथपीसमधून फुंका. कुठून हवा सुटली तर डाग, म्हणजे झाळलेला सांधा, कच्चा आहे. माउथपीसजवळच्या पहिल्या वीतभर नळीला पोचा असेल तर तो बिगूल घेऊ नका, तिथला छोटा पोचाही सूर बिघडवतो. तोंडाच्या कडेचा पोचा दिसायला वाईट, पण वाजण्यात फारसा फरक पडत नाही.

ब्रासो बाहेरून, आणि माउथपीसच्या कडेला अजिबात नको, ते ओठांत जातं. महिन्यातून एकदा बिगूल कोमट पाण्याने आतून धुवा, गरम नको. माउथपीस रोज धुवा. एकाच बिगुलावर चार मुलं शिकत असतील तर चौघांना चार माउथपीस हवेतच. शाळा एवढा खर्च करायला तयार नसेल तर पालकांना सांगा, माउथपीस सुटा मिळतो. तोंड आलेलं असेल, ओठ फुटलेला असेल त्या दिवशी वाजवू नका, दुसऱ्याला पाठवा. म्हणून प्रत्येक कॅम्पला बिगुलर दोन तयार ठेवा, आणि दुसऱ्यालाही पहाटे उठवून शेजारी उभा करा.